दंड भरावा की दाद मागावी?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. बांधाच्या भांडणांत आणि भाऊबंदकीच्या दाव्यांत पिढ्यान् पिढ्या बरबाद झालेल्या पाहूनच ती जन्मास आली असावी. परंतु अलीकडे तिचा खरा प्रत्यय येतो तो जमीनजुमल्याच्या खटल्यांत नव्हे, तर पाचशे-हजार रुपयांच्या वाहतूक-दंडाच्या प्रकरणांत. आपल्या वाहनाने अमुक चौकात अमुक नियमाचा भंग केला असल्याचा संदेश भ्रमणध्वनीवर येतो. तो चुकीचा असला, त्या दिवशी गाडी घराबाहेर पडलेलीच नसली, तरीही ‘भरून टाका आणि मोकळे व्हा’ असाच सल्ला वडीलधारी माणसे देतात, सहकारी देतात, आणि स्नेही असलेले वकीलही देतात. अर्थशास्त्राच्या निकषावर हा सल्ला अचूक आहे. व्यक्तीच्या हिताचा असा हा सल्ला समाजाच्या हिताला मात्र बाधक ठरतो; आणि तो का ठरतो याचा विचार दंडाच्या रकमा वाढविणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वाहतुकीचे नियम कडक असावेत आणि ते मोडणाऱ्यास जरब बसावी, याबाबत दुमत होण्याचे कारण नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५० हजारांहून अधिक जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. हे आकडे एखाद्या युद्धात शोभावेत असे आहेत. तेव्हा दंड नकोच, पोलीस नकोत, कॅमेरे नकोत, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला बसण्याची प्रस्तुत लेखकाची इच्छा नाही. उलट, दंडाने जे काम करावे अशी आपली अपेक्षा आहे, ते काम त्याच्या हातून व्हावे, याच आस्थेतून पुढील विवेचन केले आहे.

दंडाचे अंकगणित

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि दंडाच्या वाढीव रकमा त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाल्या. किरकोळ नियमभंगाचा दंड शंभर रुपयांवरून पाचशेवर गेला. परवान्याविना वाहन चालविण्याचा दंड पाचशेवरून पाच हजारांवर आणि मद्यपान करून वाहन चालविण्याचा दोन हजारांवरून दहा हजारांवर गेला. अनेक राज्यांनी या वाढीस नाके मुरडली. गुजरातने तडजोडीच्या रकमा तत्काळ खाली आणल्या. महाराष्ट्राने अंमलबजावणी रोखून धरली आणि अखेर २०२१ च्या डिसेंबरात नवे दर स्वीकारले. याच दुरुस्तीने राज्यांना दंडाची रक्कम दहापटीपर्यंत वाढविण्याचीही मुभा दिली. म्हणजे दंड वाढविण्याचा मार्ग कायद्याने भरपूर रुंद करून ठेवला. मात्र चुकीच्या दंडाविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग त्या प्रमाणात रुंद झाला नाही.

यामागचा विचार अर्थशास्त्रज्ञांना परिचित आहे. शिकागो विद्यापीठाच्या परंपरेतील अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ साली गुन्हा आणि शिक्षा यांची अर्थशास्त्रीय मीमांसा करणारा निबंध प्रसिद्ध केला. गुन्हा करणारा मनुष्य शिक्षेची तीव्रता आणि पकडले जाण्याचा संभव या दोहोंचा गुणाकार मनाशी मांडतो, हे त्याचे सार. पोलीस थोडे असतील तर दंड मोठा ठेवा, म्हणजे धाक कायम राहील, असा सोपा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. आता कॅमेऱ्यांमुळे पकडले जाण्याचा संभवही वाढला आणि दंडही वाढला. गुणाकाराचे दोन्ही घटक वाढले म्हटल्यावर धाक अनेक पटींनी वाढावयास हवा होता.

तो तसा का वाढत नाही, याचे एक उत्तर पुढे या शास्त्रानेच दिले आहे. धाक हा केवळ दोषी माणसाला होणाऱ्या दंडावर अवलंबून नसतो. दोषी माणसाला जे भोगावे लागते आणि निर्दोष माणसाला जे भोगावे लागते, त्यांतील फरकावर तो अवलंबून असतो. सिग्नल मोडणाऱ्यास हजार रुपये आणि पाळणाऱ्यास शून्य, तर नियम पाळण्याचे बक्षीस पुरते हजार रुपयांचे. पण पाळणाऱ्यालाही दर चार वेळांमागे एकदा चुकून हजार रुपये भरावे लागत असतील, तर ते बक्षीस साडेसातशेवर येते. निर्दोषांवरील दंड जसजसा वाढेल, तसतसे नियम पाळण्यातील स्वारस्य घटत जाईल. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात अन्याय आहे हे आपले पूर्वज जाणत होतेच. त्यात एक अपव्ययही आहे. कारण संन्याशाला सुळी जाताना पाहून चोराला एवढेच कळते की, सुळाचा आणि चोरीचा परस्परांशी फारसा संबंध नाही.

चार आण्याची कोंबडी

आता चुकीचे चलन आलेल्या माणसाचा हिशेब मांडून पाहू. समजा, एका खासगी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या शिक्षकास पाचशे रुपयांचे चलन आले. छायाचित्रातील वाहनाचा क्रमांक त्याच्या वाहनाशी मिळताजुळता आहे, पण तो त्याचा नाही. इंग्रजी ‘बी’ आणि आठचा आकडा यांत यंत्राची गल्लत होणे अशक्य नसते. दुसऱ्याचा क्रमांक आपल्या गाडीवर रंगवून हिंडणारे महाभागही असतात. हा शिक्षक न्यायालयात गेला तर त्या दिवसाचे तास बुडतील आणि तास बुडाले म्हणजे मानधनही बुडेल. पहिल्या तारखेला काम होईलच याची शाश्वती नसल्याने कदाचित दोन दिवस बुडतील. वकील दिला तर त्याचे शुल्क निराळे. प्रवासखर्च, कागदपत्रांच्या प्रती आणि मनस्ताप यांचा हिशेब सोडून दिला, तरी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी त्याची अवस्था होते. पगारी लिपिकाची किरकोळ रजा जाते. दुसऱ्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची परीक्षाच त्या तारखेला असू शकते. आणि रोजंदारीवरील मजुराला तर एका दिवसाची मजुरी म्हणजे त्या दिवसाची चूलच.

अर्थात हे सारेजण दंड भरतात. दंड भरला की कागदोपत्री तो गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरतो. शासनाच्या दफ्तरी ‘चलन दिले, रक्कम वसूल झाली’ अशी नोंद होते आणि यंत्रणा अचूक असल्याचा आणखी एक पुरावा जमा होतो. दोष दाखविणारी माणसेच पुढे येत नाहीत, म्हणून दोष आहेत हे यंत्रणेला कळतच नाही. बाजारात निकृष्ट माल विकणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते आणि त्यामुळे तो सुधारतो. येथे गिऱ्हाइकाला दुकान बदलता येत नाही आणि माल परतही करता येत नाही. मग यंत्रणेने सुधारावे तरी कशासाठी?

कबुली टपालाने, इन्कार मात्र समक्ष

हा कल कायद्याच्या मूळ रचनेतच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम २०८ पाहावे. संक्षिप्त रीतीने निकालात काढावयाच्या गुन्ह्यात आरोपीस दोन पर्याय दिलेले आहेत. स्वतः अथवा वकिलामार्फत न्यायालयात हजर राहावे, किंवा आपण दोषी असल्याचे मनिऑर्डरच्या कुपनावरच कळवून ठरलेली रक्कम मनिऑर्डरने पाठवावी. म्हणजे ‘मी गुन्हा केला’ हे टपालाने सांगता येते. ‘मी गुन्हा केला नाही’ हे सांगण्यासाठी मात्र माणूस, नाही तर त्याचा वकील, समक्ष उभा राहावा लागतो.

त्यानंतर मनिऑर्डरची जागा संगणकाने घेतली, तरी हा तिरकसपणा गेला नाही. वाहतूक-चलनांसाठी आभासी न्यायालये निघाली. दिल्लीत २०१९ साली असे न्यायालय सुरू झाले. आपल्या राज्यात नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २०२० च्या ऑक्टोबरात ते स्थापन झाले. न्यायालयातील गर्दी कमी करण्याचा हा उपक्रम स्तुत्यच म्हटला पाहिजे. परंतु त्याची सोय कोणासाठी आहे? दोष मान्य असेल तर घरबसल्या रक्कम भरून प्रकरण मिटते. दोष अमान्य असेल तर प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते आणि म्हणीतील तीच पायरी पुन्हा समोर उभी राहते. पोलिसांच्या संकेतस्थळावर हरकत नोंदविता येते, हे खरे. परंतु चलन देणारे आणि त्याविरुद्धची हरकत प्रथम ऐकणारे एकाच खात्याचे असतील, तर निवाडा कितीही प्रामाणिक असला तरी त्यावर विश्वास बसणे कठीण. न्याय होणे जितके आवश्यक, तितकेच तो होताना दिसणेही आवश्यक असते.

पुराव्याच्या बाबतीत नियम अगदीच मुके आहेत असे नाही. केंद्राने २०२१ च्या ऑगस्टमध्ये काढलेल्या नियम १६७-अ मध्ये चांगल्या तरतुदी होत्या. नियमभंगाची सूचना १५ दिवसांच्या आत द्यावी, चलनासोबत स्पष्ट छायाचित्र असावे, वेगमापक यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावे, कॅमेरे असलेल्या रस्त्यावर तसे ठळक फलक लावावेत, अशा त्या तरतुदी. परंतु कागदावरील तरतुदींचे पालन झाले की नाही हे तपासणार कोण? ज्याला त्या चलनाविरुद्ध बोलावयाचे आहे तोच. आणि त्याला तर बोलणे परवडत नाही. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्रातील माल व प्रवासी वाहतूकदारांनी ई-चलनाच्या जाचाविरुद्ध संपाचे हत्यार उपसले. त्या सुमारास वाहतूक पोलिसांनी खासगी भ्रमणध्वनीवर वाहनांची छायाचित्रे काढू नयेत, असा आदेश वरिष्ठांना काढावा लागला. संघटित व्यावसायिकांना संप करता येतो, शासन त्यांना चर्चेला बोलावते. एकट्या दुचाकीस्वाराने कोणता संप करावा?

सवलतीचे सेल

एका बाजूस निर्दोष माणूस निमूटपणे पैसे भरतो, तर दुसऱ्या बाजूस निर्ढावलेला नियमभंजक पैसे भरतच नाही. त्याच्या नावे दहा-वीस चलने साचतात. थकबाकीचा डोंगर वाढला की शासन सवलत जाहीर करते. तेलंगणाने २०२२ साली दुचाकीस्वारांची ७५ टक्के रक्कम माफ केली. कर्नाटकाने २०२३ च्या फेब्रुवारीत ५० टक्के सूट दिली आणि पैसे भरण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. लोकअदालतीतही दंडाची रक्कम कमी करून प्रकरणे मिटविली जातात. तिजोरीत थोडेफार पडते हे खरे. पण त्यातून समाजाला कोणता धडा मिळतो? ज्याने संदेश येताच प्रामाणिकपणे पूर्ण रक्कम भरली तो मूर्ख ठरला आणि ज्याने दुर्लक्ष केले तो व्यवहारचतुर. दिवाळीनंतर कापड स्वस्त होते म्हणून दिवाळीत खरेदी न करणाऱ्या गिऱ्हाइकासारखा नागरिक आता दंडाच्या ‘सेल’ची वाट पाहू लागतो.

येथे एका प्रसिद्ध प्रयोगाची आठवण होते. इस्रायलमधील हैफा शहरातील काही पाळणाघरांत मुलांना नेण्यास उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावण्यात आला. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. आणि दंड रद्द केल्यावरही तो पूर्वपदावर आला नाही. पूर्वी पालकांना उशिराची लाज वाटे. दंड लागताच ती उशिराची किंमत झाली, आणि किंमत मोजली की लाज बाळगण्याचे कारण उरत नाही. आपल्या वाहतूक-दंडाचे नेमके हेच होऊ घातले आहे. निर्दोषांच्या दृष्टीने तो कर झाला आहे आणि दोषींच्या दृष्टीने किंमत. तीही घासाघीस करता येण्याजोगी. त्यातील ‘दंड’ तेवढा हरवला.

दंड हा महसुलाचा मार्ग झाला म्हणजे काय अनर्थ ओढवतो, याचे उदाहरण अमेरिकेने पाहिले आहे. मिसुरी राज्यातील फर्ग्युसन या छोट्या शहराच्या कारभाराची चौकशी करून तेथील केंद्रीय न्याय खात्याने २०१५ साली अहवाल दिला. शहराच्या अंदाजपत्रकाची गरज भागविण्यासाठी पोलीस आणि न्यायालय दंडवसुलीला जुंपले गेले होते, असे त्यात नमूद आहे. गाडी चुकीच्या जागी लावल्याबद्दल २००७ साली १५१ डॉलरचा दंड झालेल्या एका गरीब स्त्रीने सात वर्षांत ५५० डॉलर भरले होते, मध्यंतरी तुरुंगवासही भोगला होता, आणि तरी तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकी होते. आपल्याकडे परिस्थिती त्या थराला गेलेली नाही. ती जाऊ नये म्हणूनच वेळीच बोलले पाहिजे.

तर मग उपाय काय?

दाद मागणे सोपे केले तर प्रत्येकजण हरकत घेईल आणि यंत्रणा कोलमडेल, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो विचारात घेण्याजोगा आहे. परंतु इंग्लंडचा अनुभव निराळे सांगतो. तेथे १९९१ च्या कायद्याने गाडी उभी करण्यासंबंधीचे बहुतेक गुन्हे फौजदारी न्यायालयांच्या कक्षेतून बाहेर काढण्याचा मार्ग खुला झाला आणि त्यांवरील अपिलांसाठी स्वतंत्र निवाडा अधिकारी नेमले गेले. या अधिकाऱ्यांकडे अपील करण्यास शुल्क पडत नाही आणि समक्ष हजर न राहता लेखी म्हणण्यावर निकाल मिळू शकतो. दुसरीकडे, १४ दिवसांत रक्कम भरणाऱ्यास निम्मी सूट असते. ज्याला आपला दोष ठाऊक आहे तो सूट घेऊन मोकळा होतो. ज्याची बाजू खरी आहे तोच पुढे जातो. कॅलिफोर्नियातही न्यायालयात न जाता लेखी निवेदनावर वाहतुकीचा खटला चालविण्याची सोय आहे. लोकांना दाद मागू दिल्याने या देशांतील वाहतूक काही बेशिस्त झालेली नाही.

आपल्या परिस्थितीला जुळतील अशा पाच सूचना येथे कराव्याशा वाटतात. पहिली, ज्या पडद्यावर ‘रक्कम भरा’ असे बटण असते त्याच पडद्यावर, तितक्याच ठळकपणे, ‘हरकत आहे’ असेही बटण असावे. हरकत मराठीत लिहिता यावी, तिच्यासोबत पुरावा जोडता यावा आणि तिच्या निकालासाठी हजर राहण्याची सक्ती नसावी. दुसरी, हरकतीचा निवाडा पोलीस खात्याबाहेरील अधिकाऱ्याने ठरावीक मुदतीत द्यावा, आणि मुदत टळली तर चलन आपोआप रद्द व्हावे. आज विलंबाची किंमत केवळ नागरिक मोजतो, ती उद्या यंत्रणेनेही मोजावी. तिसरी, दाद मागण्याआधी दंडाची रक्कम भरण्याची अट नसावी. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याला निर्दोष असण्याचा अधिकार नाही, असा तिचा अर्थ होतो. चौथी, चलन चुकीचे ठरल्यास नागरिकाला नाममात्र का होईना, ठरावीक भरपाई दंडाच्याच निधीतून मिळावी. पाचवी, वर्षाकाठी किती चलने दिली, किती हरकती आल्या, किती चलने रद्द झाली आणि ती कोणत्या कारणाने, याचे आकडे जिल्हावार प्रसिद्ध व्हावेत. सरसकट सवलतींचे पर्व मात्र संपवावे. योग्य दंडात सूट नको आणि अयोग्य दंडाची वसुली नको, हे सूत्र साधे आहे.

या सुधारणांना खर्च येईल, असे वित्त खात्याकडून सांगितले जाईल. येईलच. पण आजही तो खर्च होतच आहे. फरक इतकाच की, तो अंदाजपत्रकात दिसत नाही. शिक्षकाच्या बुडालेल्या तासांत, लिपिकाच्या गेलेल्या रजेत आणि मजुराच्या बुडालेल्या रोजात तो विखुरलेला आहे. शासनाच्या चुकांचा खर्च नागरिकाच्या खिशात दडवून ठेवला म्हणून तो नाहीसा होत नाही.

वाचकांनाही एक विनंती करावीशी वाटते. नियम मोडला असेल तर पळवाटा न शोधता दंड भरावा. कोणाची ओळख लावू नये आणि सवलतीची वाट पाहत बसू नये. पण नियम मोडलेला नसताना चलन आले, तर निदान एकदा लेखी हरकत घ्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. तिला यश येईलच असे नाही. पण हजारो हरकतींची नोंद झाली तर यंत्रणेला आपल्या चुका मोजणे भाग पडेल. मध्यरात्री निर्मनुष्य चौकात लाल दिवा पाहून थांबणाऱ्या माणसाला कॅमेऱ्याचे भय नसते. नियम सर्वांना सारखा आहे, आणि तो पाळणाऱ्याला छळत नाही, या विश्वासाने तो थांबतो. पाचशे रुपयांच्या चुकीच्या चलनाने तिजोरीत पाचशे रुपये पडतात, पण तो विश्वास थोडा झिजतो. तो पूर्ण झिजला की चौकाचौकांत कितीही कॅमेरे लावले तरी ते केवळ नियमभंगाची छायाचित्रे काढीत राहतील.